टिकली लावलेली सिरिंज

"कुंदा, पांढरी झाली का गं?" मॅडमनी आतून विचारलं.

"झाली," मी मागच्या टेबलावरून ओरडून सांगितलं.

आतल्या खुर्चीत शालनताई बारंगुळे तोंड उघडून पडल्या होत्या. बार्शीत आमच्या दातांच्या दवाखान्यामागच्या बोळात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. वीस-बावीस वर्षं पुढच्या दातानं दोरा तोडून तोडून त्या दाताला खाच पडली होती, आणि महिन्यापूर्वी एका नवरीचा ब्लाउज शिवताना दाताचा कोपराच निघून हातात आला. शेटे मॅडमनी तो दात घासून बारीक केला आणि त्याच्यावर बसवायला पुण्याच्या लॅबमधून सिरॅमिकची कॅप करून आणली. आज ती बसवायची होती.

ही कॅप अशी नुसती चिकटवली की चिकटत नाही. तिची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत असते, तिथे सिमेंटला धरायला काही सापडत नाही. म्हणून आधी आतून एक जहाल ॲसिडची जेल लावायची, एक मिनिट घड्याळ लावून ठेवायची, भरपूर पाण्यानं धुवायची आणि हवेनं कोरडी करायची. काम नीट झालं असेल तर चकाकी जाऊन आतली बाजू खडूसारखी पांढरी दिसते. मग तिच्यावर एक पातळ औषध, मग सिमेंट. एवढं केलं की कॅप दातावर अशी बसते की काढायची म्हटली तर फोडावीच लागेल. हे सगळं मागच्या टेबलावर करायचं काम माझं होतं. मॅडम फक्त विचारायच्या, पांढरी झाली का, आणि मी सांगायची, झाली.

दातालाही ॲसिड लावतात, पण ते वेगळं. ते सौम्य असतं, तोंडात चालतं. कॅपचं ॲसिड तोंडात चालत नाही. मॅडमनी मला कामावर घेतलं त्या पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, "हे कातडीवर पडलं तर लगेच कळत नाही, कुंदा. दुखत नाही, लाल होत नाही. गुपचूप आत उतरत राहतं. आणि दुखायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो." मी मुळातच भित्री. पालीला भिते, टेलिफोनच्या घंटेला भिते, सासरच्या माणसांना तर इतकी भ्यायले की मुलीला कडेवर घेऊन माहेरी निघून आले. त्या ॲसिडला हात लावताना मी एकावर एक दोन हातमोजे घालायची, आणि मॅडम हसायच्या.

दोन्ही जेल मोठ्या सिरिंजमध्ये यायच्या. त्यातून दर सोमवारी मी लहान सिरिंज भरून ठेवायची. पूर्वी कॅपची जेल लाल आणि दाताची निळी, त्यामुळे घोळ व्हायचं कारणच नव्हतं. त्या महिन्यात मॅडमनी दुसऱ्या कंपनीचा माल मागवला आणि दोन्ही जेल निळ्याच आल्या. मग मी माझ्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली काढली आणि जहाल जेलच्या सिरिंजला लावून टाकली. मॅडमना गंमत वाटली. म्हणाल्या, "ही आपली सवाष्ण. हिला मागच्या टेबलावरून हलवायचं नाही, खुर्चीकडे तर अजिबात आणायचं नाही." तेव्हापासून आम्ही तिला सवाष्णच म्हणायचो.

तर त्या दुपारी सवाष्णीतली जेल मी कॅपला लावली, बिनटिकलीची सिरिंज मॅडमच्या हातात दिली, कॅप धुतली, औषध लावलं आणि आत नेऊन दिली. कॅप बसली. दाताचा रंग असा जुळला होता की शालनताईंनी आरसा हातात घेतला आणि दुसऱ्याच दाताकडे बघत राहिल्या.

"तो नाही, त्याच्या शेजारचा," मॅडम म्हणाल्या. "आता नीट ऐका. आजचा दिवस त्या दातानं काही चावायचं नाही. आणि दोरा तर जन्मात तोडायचा नाही. कळलं?"

"कात्री घेते, मॅडम. आजच कात्री घेते," शालनताई म्हणाल्या. इंजेक्शननं वरचा ओठ बधिर झालेला, त्यामुळे बोलणं बोबडं येत होतं. ते ऐकून त्यांनाच हसू आलं. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "कुंदे, तुझ्या पोरीचा परकर तयार हाय. घेऊन जा सांजच्याला."

साडेबारा वाजले होते. मॅडम वरच्या मजल्यावर घरी जेवायला गेल्या. आता त्या चारला खाली येणार. मी ट्रे आवरायला घेतला. इठामावशी फरशी पुसत होत्या.

"कुंदे, तुजी टिकली पडली हुती बग सकाळी," त्या पुसता पुसता म्हणाल्या. "स्पिरिटनं पुसून ठिवल्यास ना त्या सुया, तवा ताटलीतच निघून पडलेली. मी लावली परत."

"बरं केलंत," मी म्हणाले. मग माझा हात जागीच थांबला. "कुठल्या सिरिंजला लावलीत, मावशी?"

"मला काय ठावं बाई कुटल्या? दोन्ही सारक्याच की. लावली एकीला."

मी ट्रे खाली ठेवला. दोनपैकी एक. टिकली नीट जागेवर गेली असेल तर काहीच झालेलं नाही. चुकीच्या सिरिंजला गेली असेल तर कॅपला मी दाताचं सौम्य ॲसिड लावलं, आणि शालनताईंच्या तोंडात, घासलेल्या जिवंत दाताला, हिरडीला टेकून, मॅडमनी स्वतःच्या हातानं ते दुसरं लावलं.

यावर उपाय सोपा होता. कॅप पांढरी झाली होती का, एवढं आठवायचं. झाली असेल तर टिकली बरोबर होती. आणि मी तर 'झाली' म्हणून ओरडले होते.

मी बघितलं नव्हतं.

मुलीला बालवाडीतून आणायला बहीण जाणार होती, ती वेळेवर पोचेल की नाही हा घोर डोक्यात होता. मी कॅप धुतली, हवेनं कोरडी न करताच टिपली, औषध लावलं. आजवर साठ-सत्तर वेळा ती पांढरी झाली होती, म्हणून आजही झालीच असणार असं मी धरून चालले. मॅडमनी विचारलं आणि माझ्या तोंडातून रोजचं उत्तर निघालं.

मागच्या खणात एक नापास झालेली कॅप होती, लॅबनं मापात चुकवलेली. ती मी कापडात गुंडाळून बत्त्यानं फोडली आणि दोन तुकडे घेतले. आधी दोन्हींची आतली बाजू उजेडात धरून बघितली, दोन्ही चकचकीत होत्या. हातमोज्यांवर हातमोजे घातले. एका तुकड्यावर टिकलीवाल्या सिरिंजमधला थेंब, दुसऱ्यावर बिनटिकलीच्या सिरिंजमधला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक फेरी पूर्ण करेपर्यंत थांबले. तुकडे धुतले. हवा मारली.

टिकलीवाला तुकडा होता तसाच चकचकीत. दुसरा खडूसारखा पांढरा.

मी खाली बसले. इठामावशी फडकं टाकून आल्या. मी त्यांना सांगितलं. त्यांना ॲसिडचं फार काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून जे कळायचं ते कळलं.

"माजं नाव सांगू नगस, कुंदे," त्या हळूच म्हणाल्या. "मला काडून टाकलं तर ह्या वयात कोन ठिवनार? तुज्या पाया पडते."

"तुमचं नाव कशाला घेऊ?" मी म्हणाले. "बघितलं तर मी नाही ना."

पण माझं तरी नाव कोण घेणार होतं? पुढे मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, तरी सांगते. मी ते दोन तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात खोल दडपले. दोन्ही सिरिंज जिथल्या तिथे ठेवून दिल्या, टिकलीसकट. कुणाला संशय येऊ नये म्हणून. मग मॅडमना सांगायला जिना चढायला लागले. चार पायऱ्या चढले. वरून कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज येत होता, मॅडमचे सासरे कुणावर तरी खेकसत होते. या कामावर मी आणि माझी मुलगी जगत होतो. माहेरी भावजयीनं अजून तोंड वाकडं केलं नव्हतं ते याच कामामुळे. मी चार पायऱ्या उतरले.

मनाला म्हटलं, मॅडमनी लावून लगेच पाण्यानं धुतलं असणार, पंधरा सेकंदांत काय होतंय? मनाला म्हटलं, शालनताईंना काही होत असतं तर आल्या नसत्या का? आणि मनच म्हणालं, त्यांचा ओठ बधिर आहे, त्यांना कसं कळणार? इंजेक्शनचा अंमल तीन-चार तास टिकतो. म्हणजे तीन-साडेतीनला त्यांना कळेल. तोवर ते आत उतरत राहणार. घड्याळात पावणेदोन वाजले होते. मी तासभर नुसती भीत बसले होते.

मी ठरवलं, आधी जाऊन बघायचं. काही दिसलं नाही तर कुणालाच काही सांगायची गरज नाही. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. पदर खोचला आणि बोळात शिरले.

शालनताई मशिनवर वाकल्या होत्या. बाकावर एक कॉलेजची पोरगी ब्लाउजची वाट बघत बसली होती.

"तू गं कशी?" शालनताई म्हणाल्या. "परकराला सांजच्याला ये म्हटलं होतं."

"मॅडमनी पाठवलंय. कॅप कशी बसली ते बघून ये म्हणाल्या." खोटं बोलायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी ते फार सहज जमत होतं.

"बघ बाई." त्यांनी कौतुकानं ओठ बोटानं वर केला.

दाताच्या वर, हिरडीच्या कडेला एक पांढरा डाग होता. करंगळीच्या नखाएवढा. आजूबाजूची हिरडी गुलाबी आणि मधेच ते पांढरं. मघाशी ते तिथे नव्हतं.

"काय गं? चांगला दिसतोय ना?"

"चांगला दिसतोय, ताई. दुखत नाही ना काही?"

"अजून ओठच माझा न्हाई, तर दुखणार काय?" त्या हसल्या आणि परत कामाला लागल्या. पोरीला घाई होती. शेवटचा हूक टाचायचा राहिला होता. त्यांनी सुई चार वेळा आरपार नेली, गाठ मारली, दोरा ताणला आणि मान खाली घातली.

"ताई!" मी म्हणेपर्यंत टुक् असा बारीक आवाज झाला.

दोरा तुटला नव्हता. शालनताईंनी हात तोंडापासून दूर नेला, तर दोऱ्याला अडकून कॅप बाहेर आली. आली ती त्यांच्या मांडीवर पडली. शालनताईंनी ती उचलली, तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. "मी काय केलं हे?"

मी कॅप हातात घेतली. आतून ती लख्ख चकाकत होती. सिमेंटचा कण नाही. सगळं सिमेंट दातावर राहिलं होतं. धरायला काही मिळालंच नव्हतं त्याला, कुठल्याही दोऱ्यानं निघाली असती ती, उद्या भाकरी चावताना निघाली असती.

"दोन तास झाले न्हाईत सांगून," शालनताई बोलत होत्या. "कात्री समोर हाय बघ माझ्या. मेली सवय ही. मॅडम काय म्हणतील? एवढी मेहनत केली त्यांनी, पुण्यासनं करून आणली. माझीच चूक, कुंदे, माझीच."

आणि मला हायसं वाटलं.

याला आता अठरा वर्षं झाली. त्या दिवसातलं बाकी बरंच पुसट झालंय, पण ते हायसं वाटणं तसंच्या तसं आठवतं. त्या बाईच्या हिरडीवर पांढरा डाग मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी माझ्या मनात आलं, सुटले. कॅप निघाली ती दोऱ्यानं. त्या स्वतःच म्हणताहेत.

"चला, मॅडमकडे जाऊ," मी म्हणाले. बास, एवढंच म्हणाले.

मॅडमना वरून बोलावलं. झोपेतून उठून आल्या होत्या, केस विस्कटलेले. शालनताई दवाखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. पन्नाशीची बाई, आमच्या मॅडम पस्तिशीच्या.

"चुकलं माझं, मॅडम. दोरा तोडला मी."

"अहो, दोन तास नाही झाले!" मॅडमचा आवाज चढला. "मी काय भिंतीशी बोलत होते का? लहान मूलसुद्धा ऐकतं एकदा सांगितलेलं. पुण्याला परत पाठवावी लागली तर पुन्हा पंधरा दिवस."

"चुकलं. पुन्हा न्हाई करणार." त्यांनी परत हात जोडले.

मी ट्रे धरून शेजारीच उभी होते. इठामावशी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शालनताई खुर्चीत आडव्या झाल्या. मॅडमनी दिवा ओढला, ओठ वर केला. "हे काय पांढरं? दोऱ्यानं कापलं वाटतं इथे."

"कापलं असंल, मॅडम. काही कळलंच न्हाई मला," शालनताई म्हणाल्या. तेही त्यांनी अंगावर घेतलं.

मॅडमनी दातावरचं सिमेंट खरवडून काढलं. दात धुतला, कापूस लावला. "आता परत करून टाकू. आधी दाताला जेल लावून घेते." आणि डोळे दातावरून न हलवता उजवा हात माझ्याकडे पसरला. रोज पसरायच्या तसाच.

ट्रेमध्ये बिनटिकलीची सिरिंज होती. मीच ठेवलेली. मागच्या टेबलावर टिकलीवाली होती, जी खरं तर द्यायला हवी होती. पण तिला टिकली होती. ती आणून दिली असती तर मॅडमनी विचारलं असतं, आणि ही ट्रेमधली तर देताच येत नव्हती. त्यांचा हात हवेत तसाच होता. मी मागच्या टेबलाकडे गेले आणि टिकलीवाली सिरिंज उचलली. माझं नख टिकलीच्या कडेखाली गेलं. अर्धी टिकली सुटली. एवढी निघाली की झालं. कुणालाही काहीही कळणार नाही, कधीच.

"कुंदा, लवकर दे गं. लाळ येतेय."

मी वळले. शालनताई डोळे मिटून पडल्या होत्या. हात पोटावर ठेवलेले, अजून एकमेकांत गुंतवलेले. तोंड माझ्याकडे उघडं होतं, आणि त्या वाट बघत होत्या.

"मॅडम," मी म्हणाले. "ट्रेतल्या सिरिंजमध्ये कॅपचं ॲसिड आहे. मघाशीपण तेच होतं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शालनताईंच्या हिरडीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी बघितला, आणि मला कळलं की आतापर्यंत मी भ्याले ते काहीच नव्हतं. आमच्या मॅडम घाबरलेल्या मी त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

"किती वाजता लावलं होतं आपण?"

"बाराच्या सुमाराला."

"आता अडीच. अडीच तास. तुला केव्हा कळलं?"

"पाऊण वाजता."

मॅडमनी पाण्याची धार सुरू केली, ती किती वेळ चालू ठेवली देव जाणे. एका हातानं फोन लावून पुण्याच्या आपल्या कॉलेजातल्या सरांना विचारलं. फोन मानेत धरून मला चिठ्ठी लिहून दिली, त्या ॲसिडचा जोर मोडायला कॅल्शियमच्या इंजेक्शनच्या बाटल्या. मी मेडिकलपर्यंत पळाले, पळताना एक चप्पल गेली ती तिथेच राहिली. मॅडमनी कापसाच्या पट्ट्या त्या औषधात भिजवून हिरडीवर ठेवायला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी एक काढायची, दुसरी ठेवायची. मग त्यांनी खुर्ची थोडी उभी केली आणि शालनताईंच्या समोर येऊन बसल्या.

"शालनताई, तुमच्या तोंडात जे जायला नको होतं ते औषध गेलं. माझ्या हातानं गेलं. कॅप निघाली ती तुमच्या दोऱ्यानं नाही, ती नीट चिकटलीच नव्हती. तुमची काही चूक नाही. मी तुम्हाला नको ते बोलले."

शालनताईंच्या तोंडात पट्टी होती. त्या नुसत्या मॅडमकडे बघत होत्या.

"टिकली चुकीच्या सिरिंजला लागली होती," मी म्हणाले. "पडली असेल, परत लावताना..."

"म्या लावली," दारातून आवाज आला. इठामावशी आत आल्या. "कुंदीनं न्हाई, म्या लावली, मॅडम. मला ठावं नव्हतं त्यात काय हाय ते. पर लावली म्या."

मॅडमनी मान हलवली. "आणि कॅप? पांढरी झाली होती का?"

"मी बघितलं नाही," मी म्हणाले.

साडेतीनला इंजेक्शनचा अंमल उतरायला लागला. मॅडमनी सांगितलं होतं, आता दुखेल, दुखलं तर हात वर करा. शालनताईंनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज मात्र काढला नाही. मॅडम पट्ट्या बदलत होत्या, मी बाटल्या फोडून देत होते. ते किती खोल गेलंय, वरच्या हाडापर्यंत गेलंय का, दात मेलाय का, कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक पट्टी काढताना मी त्या डागाकडे बघायची आणि तो वाढलाय असंच मला वाटायचं. साडेचार वाजले, पाच वाजले. बाहेर बसलेल्या पेशंटना इठामावशींनी उद्या यायला सांगितलं.

सहाच्या सुमाराला शालनताईंनी खुणेनं सांगितलं, कमी आहे. मॅडमनी परत बघितलं. डाग होता तेवढाच होता. दाताला बर्फ लावला तेव्हा शालनताई खुर्चीतून उडाल्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले. दात जिवंत होता.

"वरची कातडी जाईल, पंधरा दिवसांत भरून येईल," मॅडम म्हणाल्या. "रोज येऊन दाखवा. कुंदा, ताईंना सोडून ये."

आम्ही दोघी बोळात शिरलो. माझ्या एका पायात चप्पल नव्हती. दुकानापाशी येईपर्यंत मी कशीबशी धरून होते, तिथे मला रडू फुटलं.

"ताई, माफ करा मला. तुमचं तोंड भाजलं माझ्यामुळं."

शालनताईंनी कुलपात किल्ली घातली होती, ती तशीच धरून त्या वळल्या.

"भाजलं ते भरून येईल म्हणल्या ना मॅडम." बोलताना त्यांना दुखत होतं, म्हणून शब्द सावकाश येत होते. "मी मॅडमपुढं हात जोडले. दोनदा जोडले. तवा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आन् दुकानात? मी माझी चूक, माझी चूक करत होते, तवा?"

मी मान खाली घातली.

"होतं," त्यांनीच उत्तर दिलं. मग किल्ली फिरवली, आत गेल्या, आणि माझ्या मुलीचा परकर आणून, घडी घातलेला, माझ्या हातात दिला. "जा घरी. पोरगी वाट बघत असंल."

मॅडमनी मला काढलं नाही. इठामावशींनाही नाही. इतके तास मी ज्या ज्या गोष्टीला भ्याले त्यातली एकही झाली नाही. हिरडी पंधरा दिवसांत गुलाबी झाली, आणि तीन आठवड्यांनी मॅडमनी ती कॅप परत बसवायला घेतली. या वेळी सगळं मॅडमनी स्वतः केलं. कॅप खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी ती शालनताईंनाही दाखवली, खडूसारखी पांढरी झालेली. मग खुर्ची आडवी केली, आणि मी ट्रे घेऊन शेजारी जाऊन उभी राहिले.

शालनताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग मॅडमना म्हणाल्या, "दुसरं कुणी न्हाई का?"

"दुसरं कोण असणार?" मॅडम म्हणाल्या. "ही आणि इठामावशी, दोघीच तर आहेत."

"मग इठाबाई चालतील."

मॅडमनी इठामावशींना हाक मारली आणि हात स्वच्छ धुऊन हातमोजे घालायला सांगितले. मी ट्रे मावशींच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पेशंटच्या बाकावर बसले.